आधी जागा, मग अर्थ: हान थडग्यांतली चित्रे वाचताना

चीनमधल्या हान काळातल्या (इ. स. पू. २०६ ते इ. स. २२०) थडग्यांमधल्या कोरीव चित्रांविषयी दोन उत्तरे हमखास ऐकायला मिळतात. पहिले असे की ही त्या काळच्या जगण्याची चित्रे आहेत: स्वयंपाकघर असे होते, घोडागाडी अशी होती, डोंबाऱ्यांचे खेळ असे चालत. दुसरे असे की ही सगळी चिन्हे आहेत: पूल म्हणजे मृत्यू, पक्षी म्हणजे आत्मा, अर्धवट उघडे दार म्हणजे स्वर्ग. मला दोन्ही उत्तरे उथळ वाटतात, आणि दोन्हींचा उथळपणा एकाच जातीचा आहे. दोन्ही उत्तरे चित्राकडे नीट न बघताही देता येतात. चित्रात पूल आहे एवढे समजले की काम भागते. तो कोणत्या भिंतीवर आहे, कोणाच्या शेजारी आहे, त्यावरून कोण कुठे चालले आहे, हे पाहायची गरजच उरत नाही.

माझे म्हणणे असे आहे: थडग्यातल्या चित्राचा अर्थ आधी त्याच्या जागेवरून, मग ते ज्या साच्यातून आले त्या साच्यावरून, आणि शेवटी त्या साच्यात कारागिराने केलेल्या बदलावरून ठरवायला हवा. ग्रंथांतल्या कथा आणि दगडावर कोरलेला मजकूर यांची साक्ष मोलाची आहे, पण ती साक्षच; निकाल नव्हे. हा क्रम उलटा केला की जे आपल्याला आधीच ठाऊक असते तेच आपण दगडात वाचून परत येतो.

ठशांनी मोडलेली भिंत

उलटा क्रम रूढ कसा झाला याला एक साधे कारण आहे. ही चित्रे जगाने पाहिली ती शाईच्या ठशांवरून. ओला कागद शिळेवर चापून बसवायचा, वरून शाईची पुरचुंडी फिरवायची, म्हणजे उठावाचा भाग काळा आणि खोलगट भाग पांढरा उमटतो. चीनमध्ये ही विद्या जुनी आणि अतिशय निगुतीने जपलेली. पण ठसा एका शिळेचा असतो. भिंत, छत, कोपरा, उंबरा यांतले काही त्यात येत नाही. रंगही येत नाही. शेनशी प्रांतात शेनमू इथल्या दाबाओदांगच्या थडग्यांमधून १९९६च्या सुमारास रंग टिकून राहिलेल्या शिळा निघाल्या, तेव्हा आपण ज्याला काळ्या-पांढऱ्या आकृतींची कला समजत होतो ती मुळात रंगीत होती, हे डोळ्यांनी दिसले.

शानदोंग प्रांतातल्या च्याश्यांग इथली वू घराण्याची स्मारकगृहे हे ठशांत जागा हरवण्याचे ठळक उदाहरण. स्मारकगृह म्हणजे थडग्यासमोर जमिनीवर बांधलेली, पुढून उघडी असलेली छोटी दगडी खोली. तिथे पूर्वजांना नैवेद्य दाखवत. ही स्मारकगृहे ढासळली, गाळात गाडली गेली. १७८६मध्ये ह्वांग यी या विद्वानाने शिळा उकरून काढल्या आणि त्यांच्या रक्षणासाठी एक दालन बांधले. शिळा वाचल्या, त्यांचा परस्परसंबंध मात्र तुटला. पुढे दीडशे वर्षे अभ्यासक सुट्या ठशांवर लिहीत राहिले. १९४१मध्ये अभ्यासक विल्मा फेअरबँक यांनी ठशांचे आकार, कडा आणि नक्षीच्या पट्ट्या जुळवत ही स्मारकगृहे कागदावर पुन्हा उभी केली. त्रिकोणी माथ्याची शिळा बाजूच्या भिंतीचीच असणार, तुटलेला पट्टा शेजारच्या शिळेवर पुढे चालू राहणार, इतक्या साध्या निरीक्षणांवर ते काम झाले. चिनी अभ्यासकांनी १९८१मध्ये प्रत्यक्ष शिळा मोजून ही मांडणी दुरुस्त केली. या क्षेत्रातले एवढे मोलाचे काम दुसरे क्वचितच झाले असेल, आणि त्यात एकाही चिन्हाचा 'अर्थ' सांगितलेला नाही.

पहिली पायरी: चित्र कुठे आहे?

वू लियांग इ. स. १५१मध्ये चौऱ्याहत्तराव्या वर्षी वारला. तो शिकलेला माणूस होता आणि सरकारी पदे त्याने नाकारली होती. त्याच्या स्मारकगृहाची मांडणी पाहा. छतावर शकुन: उत्तम राज्य असेल तरच प्रकट होणारे प्राणी, झाडे, वस्तू, प्रत्येकाशेजारी नाव. दोन्ही बाजूंच्या त्रिकोणी माथ्यांवर अमर लोक: पश्चिमेला पश्चिमेची राणीमाता, पूर्वेला पूर्वेचा राजपिता. त्याखाली तिन्ही भिंतींवर माणसांचा इतिहास. पश्चिम भिंतीवर शेपट्या गुंतलेल्या, पुराणकथांतल्या फूशी आणि न्यूवा यांच्यापासून सुरू होणारी राजांची रांग जुलमी राजा च्येपाशी येऊन थांबते. तो हातात शस्त्र धरून दोन बायकांच्या पाठीवर बसला आहे. पुढे सती-साध्वी स्त्रिया, आईबापांची सेवा करणारी मुले, निष्ठेपायी मारायला निघालेले मारेकरी.

यातले एक चित्र जवळून बघू. ल्यांग राज्यातली एक देखणी विधवा. राजाचा दूत तिला मागणी घालायला आला आहे. तिच्या एका हातात आरसा आहे, दुसऱ्या हातात सुरी. ती आता स्वतःचे नाक कापून घेणार. हा ठसा एकटा पाहिला तर 'हान काळातले स्त्रीजीवन' या मथळ्याखाली तो सहज खपतो. केशरचना, पेहराव, आरशाचा आकार यांवर परिच्छेद लिहिता येतो. पण तो भिंतीवर परत ठेवला की दिसते ते वेगळेच: स्वतःला इजा करून शब्द पाळणाऱ्यांच्या सलग रांगेतली ती एक आहे. तिचे घर नव्हे, त्या रांगेतली तिची जागा हाच त्या चित्राचा विषय.

कला-इतिहासकार वू हुंग यांनी १९८९मध्ये या स्मारकगृहावर ग्रंथ लिहिला आणि ही सगळी वास्तू एक सुसंगत विधान म्हणून वाचली. छत म्हणजे दैवी संकेत, माथे म्हणजे अमरांचे जग, भिंती म्हणजे इतिहास. आणि त्या इतिहासाच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात बैलगाडीत बसलेला, पद नसलेला एक विद्वान, ज्याच्यापुढे जिल्ह्याचा अधिकारी नमलेला आहे. तो वू लियांग स्वतःच, असे त्यांचे म्हणणे. हान काळातला इतिहासकार सिमा छियान याने आपल्या इतिहासग्रंथाच्या शेवटी स्वतःचे चरित्र जोडले तसेच हे. हे वाचन मला पटते, कारण ते जागेवर उभे आहे: तो माणूस रांगेच्या शेवटी आहे आणि त्याला राजाचा नव्हे, पदहीन विद्वानाचा उल्लेख जोडला आहे. पण वू लियांगने हयातीतच ही सगळी रचना स्वतः आखली, हे पुढचे पाऊल मला दगडावरून सिद्ध झालेले दिसत नाही. स्मृतिशिळेचा मजकूर मुलानातवांनी हे काम करवून घेतल्याचे आणि वेई काय नावाच्या कुशल कारागिराने चित्रे ओळीने कोरल्याचे सांगतो. मांडणीमागे विचार होता हे जागा दाखवते. तो कोणाच्या डोक्यातला, हे ती दाखवत नाही.

दुसरी पायरी: साचा

आता एक अडचण. हान कारागीर प्रत्येक चित्र नव्याने रचत नव्हते. कार्यशाळांकडे ठरलेले साचे होते, आणि तेच दृश्य शेकडो मैलांच्या अंतरावर थोड्याफार फरकाने दिसते. साचा ओळखल्याशिवाय कारागीर काय म्हणतो आहे आणि काय नुसते उतरवतो आहे, हे कळत नाही.

पुलावरच्या लढाईचे चित्र घ्या. वू स्मारकगृहांत ते आहे: मधोमध कमानीचा पूल, वर गाड्या, दोन्ही बाजूंनी चालून आलेले शस्त्रधारी, पाण्यात पडलेले लोक. बराच काळ हे उत्तरेकडच्या टोळ्यांशी झालेले युद्ध समजले गेले. मग १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आतल्या मंगोलियात होलिंगर इथे एक रंगवलेले थडगे सापडले. त्याच्या भिंतीवर तोच पूल होता, आणि शेजारी लिहिले होते की सात मुली बापाच्या खुनाचा सूड घेत आहेत. पूल वेई नदीचा असल्याचेही नोंदवले होते. पुढे शानदोंगमध्ये मिळालेल्या एका शिळेवर याच साच्याशेजारी पुन्हा सात मुलींचा उल्लेख आला. ही कथा कोणत्याही ग्रंथात उरलेली नाही. अभ्यासक शिंग यी-थ्येन यांनी लेख आणि साचा यांची सांगड घालून ती परत उभी केली, आणि ज्या शिळांवर एक अक्षरही नाही त्याही केवळ मांडणीवरून ओळखता आल्या.

यातून दोन गोष्टी निघतात. ग्रंथ हाताशी धरून चित्र शोधायला निघालेल्याला हे चित्र कधीच ओळखता आले नसते, कारण ग्रंथच नाही. आणि 'पूल म्हणजे मृत्यू' म्हणणाऱ्याला ते ओळखण्याची गरजच वाटली नसती. मात्र उलट टोकालाही जाता येत नाही. यीनानच्या थडग्यात (उत्खनन १९५४) दाराच्या तुळईवर पुलावरची लढाई आहे, आणि तिथले चालून येणारे लोक टोकदार टोप्या घातलेले परके धनुर्धारी आहेत. पुलाचा साचा तोच, माणसे बदलली. तिथे सात मुली शोधणे म्हणजे पुन्हा डोळे मिटणेच.

त्याच पुलाचा तिसरा वापर त्सांगशानला आहे. हेही शानदोंगमध्येच. १९७३मध्ये सापडलेल्या या थडग्यात एक दुर्मीळ गोष्ट आहे: चित्रांचे वर्णन करणारा लांबलचक कोरीव मजकूर. बहुतेक अभ्यासक त्याचा काळ इ. स. १५१ मानतात. त्यात वेई नदीवरचा पूल ओलांडणारे अधिकारी आणि घोडेस्वार, खाली होडीतल्या बायका, मग छोट्या गाडीतून निघालेली स्त्री आणि तिची वाट पाहणारा टपालठाण्यावरचा शिपाई असा क्रम सांगितला आहे. शेवटी मेलेल्याने काळोखात कायमचे जायचे, दार एकदा बंद झाले की पुन्हा उघडणार नाही. आता वेई नदी छांगआन राजधानीजवळची. शानदोंगपासून कित्येक दिवसांच्या वाटेवर. ती रोजच्या जगण्यात कुठून आली? सुरुवातीच्या काळातल्या हान सम्राटांची बहुतेक थडगी त्या नदीच्या उत्तरेला, राजधानीच्या पलीकडे होती. वू हुंग यांच्या मते म्हणूनच वेई ओलांडणे म्हणजे जिवंतांच्या शहरातून मृतांच्या बाजूला जाणे. इथे पूल मृत्यूशी जोडला जातो, हे मला मान्य आहे. पण तो जोडला जातो कारण मिरवणूक त्यावरून जाऊन पुढच्या शिळेवर एका अर्धवट उघड्या दारापाशी पोचते, ज्यामागून कोणीतरी डोकावते आहे. अर्थ दोन शिळांच्या क्रमात आहे. नुसत्या पुलात तो नाही.

तिसरी पायरी: साचा कुठे हलला?

इथेच डोळ्यांचे खरे काम सुरू होते. छिनच्या राजावर इ. स. पू. २२७मध्ये चिंग ख याने केलेल्या हल्ल्याचे चित्र हान कारागिरांचे आवडते. वू घराण्याच्या तीन स्मारकगृहांत ते तीनदा आहे, सिचुआनमध्येही सापडते. सिमा छियानने ही हकिगत सविस्तर लिहिली आहे, म्हणून चित्राला सर्रास 'इतिहासातला प्रसंग' म्हणतात आणि पुढे जातात.

वू लियांगच्या भिंतीवर नेमके काय आहे? मधोमध खांब. त्यातून आरपार गेलेला खंजीर, मुठीचा गोंडा अजून हवेत. राजा खांबाच्या एका बाजूला पळतो आहे. त्याच्या अंगरख्याच्या फाटलेल्या बाहीचा तुकडा सुटून पडला आहे. दुसऱ्या बाजूला चिंग ख, त्याला एकाने कमरेत मिठी मारून धरले आहे. जमिनीवर उघडी पेटी, तिच्यात सेनापती फान यूछीचे शिर. हेच भेट म्हणून देण्याच्या निमित्ताने मारेकरी दरबारात शिरले होते. आणि भीतीने जमिनीवर लोटांगण घातलेला चिंग खचा जोडीदार छिन वूयांग.

सिमा छियानच्या लिखाणात या गोष्टी एकापाठोपाठ घडतात. वूयांग घाबरतो तो प्रवेशाच्या वेळी. बाही फाटते पहिल्या झटापटीत. खंजीर फेकला जातो सर्वांत शेवटी, आणि तोपर्यंत राजाच्या तलवारीने चिंग खची मांडी कापली गेलेली असते. तो कोसळलेला असतो. कारागिराने हे सगळे क्षण एकाच चौकटीत आणले आणि त्यातला एकच गाळला: चिंग खचा पाडाव. चित्रात तो उभा आहे, धरलेला आहे, पण पडलेला नाही. ठार होणार आहे हे खांबातला खंजीर सांगतोच. किंमत किती होती हे पेटीतले शिर सांगते. भ्याडपणा कसा असतो हे वूयांगचे अंग सांगते. चित्राचा प्रश्न 'काय घडले' हा नाहीच. निष्ठेसाठी कोण कुठवर जाऊ शकतो, हा आहे. आणि याला पुरावा पुन्हा शेजारचाच: त्याच खालच्या ओळीत आणखी मारेकरी आहेत, वर आज्ञाधारक मुले आणि निश्चयी स्त्रिया. उलट सिचुआनमध्ये लेशान इथल्या माहाओच्या खडकात खोदलेल्या थडग्यात हे दृश्य अशा रांगेशिवाय येते. तिथे निष्ठेचा हाच पाठ गृहीत धरायला आधार नाही.

दुसरे उदाहरण थोडक्यात. इ. स. पू. २१९मध्ये, चीनचा पहिला सम्राट झालेल्या याच छिनच्या राजाने स नदीतून चौ राजवंशाचे पवित्र पात्र काढायला हजार माणसे पाण्यात उतरवली, पण ते मिळाले नाही. शिळांवर मात्र पात्र वर येते, दोन्ही बाजूंनी माणसे दोर ओढतात आणि पात्रातून डोके काढलेला ड्रॅगन दोर तोडतो. राज्य करण्याचा अधिकार सम्राटाला नव्हता, असा याचा मूळ रोख. पण हे चित्र इतक्या साध्या माणसांच्या थडग्यांत का यावे? शिंग यांनी वेगवेगळ्या शिळा शेजारी ठेवून दाखवले की काही ठिकाणी भर सम्राटाच्या फजितीवरून ड्रॅगनकडे सरकला आहे, आणि दृश्य मृताने पात्र सोडून अमरत्वाची वाट धरल्याकडे वळते. साचा जिवंत असतो, आणि तो कुठे हलला यावरूनच त्या कुटुंबाला काय हवे होते याचा माग लागतो.

चार आक्षेप

पहिला: मजकूर कोरलेला असताना एवढी खटपट कशाला? कारण मजकूर आणि चित्र जुळतातच असे नाही. त्सांगशानला स्वतःच्या चित्रांचे वर्णन करणारा मजकूरही काही ठिकाणी चित्रांपासून दूर जातो. शानदोंगमधल्याच श्याओतांगशानच्या स्मारकगृहात एका गाडीशेजारी 'महाराजांची गाडी' असे कोरले आहे, पण हे स्मारकगृह राजाचेच होते, हे तेवढ्यावरून सिद्ध होत नाही. तो लेख मिरवणुकीचा थाट सांगतो, मृताचे पद नाही. अशा लेखाला साक्षीदार मानावे, त्याची उलटतपासणीही करावी.

दुसरा: साचे कार्यशाळेचे, मग गिऱ्हाइकाच्या विचारांचा प्रश्न कुठे येतो? याचे उत्तर पैशांत आहे. वू घराण्याच्या इ. स. १४७च्या दगडी द्वारस्तंभांवर त्यांची किंमत दीड लाख नाणी आणि दगडी सिंहांची चाळीस हजार अशी कोरली आहे. करणाऱ्यांची नावेही आहेत. आन क्वो नावाच्या माणसाच्या इ. स. १५७च्या स्मारकगृहाला सत्तावीस हजार लागले. एवढा खर्च करणारे कुटुंब साच्यांतून निवड करते, क्रम ठरवते, काही गाळते. अर्थ साच्यात तयार होतो आणि निवडीत पक्का होतो.

तिसरा आक्षेप मला सर्वांत गंभीर वाटतो. बंद होणाऱ्या थडग्यातली चित्रे कोणी बघणारच नव्हते. मग त्यांची मांडणी डोळ्यांसाठी होती असे कसे म्हणायचे? स्मारकगृहांपुरते उत्तर सोपे आहे: ती उघडी होती. आन क्वोच्या शिळेवर बघणाऱ्यांना विनंती आहे, आणि गुरे राखणाऱ्या पोरांना खास बजावले आहे की आत या, बघा, पण दगडावर ओरखडे काढू नका. श्याओतांगशानला इ. स. १२९मध्ये आलेल्या एका पाहुण्याने भिंतीवर स्वतःची नोंद कोरून ठेवली आहे. जमिनीखालच्या थडग्यांचे काय? शेनशीमधल्या श्युनयी इथल्या एका रंगवलेल्या हान थडग्यावर सूचना आहे की ज्यांना पाहायचे असेल त्यांनी पादत्राणे काढून आत यावे. म्हणजे दार बंद होण्याआधी लोक येऊन बघत. सगळीकडेच असे होते, असा माझा दावा नाही. पण 'कोणी बघतच नव्हते' हा दावा यापुढे टिकत नाही.

चौथा: हे अवशेष विश्वासार्ह आहेत का? २००५मध्ये प्रिन्स्टन विद्यापीठाच्या कलासंग्रहालयातल्या प्रदर्शनाच्या निमित्ताने काही अभ्यासकांनी वू स्मारकगृहांच्या परंपरागत ओळखीवर कडक प्रश्न उभे केले. ते प्रश्न उभे राहणे आवश्यक होते. परंतु त्या प्रश्नांमुळे जागेचा आग्रह आणखी बळकट होतो. च्याश्यांगजवळच सोंगशान इथे १९७८ आणि १९८०मध्ये नंतरच्या थडग्यांत वापरलेल्या हान शिळा उत्खननातून निघाल्या आणि त्यांच्यावरूनही छोटी स्मारकगृहे उभी करता आली. उत्खननात जागा नोंदलेली शिळाच जुन्या, हाताहातातून आलेल्या ठशाची परीक्षा घेऊ शकते.

मोठ्या घरातला माणूस

एक चित्र अजून वादात आहे, आणि या पद्धतीची ताकद व मर्यादा दोन्ही तिथेच दिसतात. वू लियांग स्मारकगृहाच्या मागच्या भिंतीवर मधोमध दुमजली घर आहे. वरच्या मजल्यावर समोर तोंड करून बसलेल्या स्त्रिया. खाली इतरांपेक्षा मोठा काढलेला एक पुरुष, ज्याच्यापुढे लोक वाकले आहेत. दोन्ही बाजूंना द्वारस्तंभ. बाजूला झाड, मोकळी गाडी, घोडा. हा पुरुष कोण? कोणी त्याला हान राजवंशाचा संस्थापक म्हणाले, कोणी राजसत्तेचे सर्वसाधारण रूप म्हणाले, कोणी स्वतः मृत म्हणाले. सोंगशानच्या छोट्या स्मारकगृहांतही हेच दृश्य मागच्या भिंतीवर येते. नैवेद्य ठेवणारा मुलगा आत वाकला की त्याच्या डोळ्यांसमोर नेमके हेच येई. चेहऱ्यावरून ओळख पटत नाही, मजकूर नाही, आणि ग्रंथ तिन्ही मतांना सारखाच आधार देतात. जागा मात्र एका बाजूला झुकते: नमस्कार घेणारा माणूस आणि नैवेद्य घेणारा पूर्वज एकाच ठिकाणी आहेत. म्हणून मी मृताच्या बाजूने कौल देतो. कोणी मागच्या भिंतीखेरीज अन्यत्र, नैवेद्याशी संबंध नसलेल्या जागी हेच दृश्य वारंवार येते असे दाखवले, तर हा कौल बदलावा लागेल. चुकीचे ठरू शकेल असे वाचनच मला वाचन वाटते.

तेव्हा ही चित्रे छापणाऱ्यांना, प्रदर्शनात मांडणाऱ्यांना आणि त्यांवर लिहिणाऱ्यांना माझी एक मागणी आहे. ठशाशेजारी 'मृत्यूचे प्रतीक' किंवा 'तत्कालीन जीवन' असे लिहिण्याआधी त्या वास्तूचा एक छोटा नकाशा छापा आणि ही शिळा कोणत्या भिंतीवर, किती उंचीवर, कोणाच्या शेजारी होती ते त्यात दाखवा. जागा माहीत नसेल, तर तेही स्पष्ट लिहा.